थंडरबर्ड नुसतं उघडं ठेवलं तरी प्रोसेसर २५ टक्क्यांवर, पंखा थांबत नाही

मुद्रितशोधक:

नमस्कार. मी घरून मुद्रितशोधनाचं काम करते. तीन-चार प्रकाशक वर्षभर आणि ऑगस्ट लागला की दिवाळी अंक. प्रुफं पीडीएफमध्ये मेलवर येतात, मी खुणा करून परत पाठवते. म्हणजे मेल बंद तर काम बंद.

मेलसाठी मी थंडरबर्ड हा प्रोग्रॅम वापरते. गेल्या तीन आठवड्यांपासून तो सुरू केला की पाच-सात मिनिटांत लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागतो आणि मग थांबतच नाही. मी कशाला हात लावत नसले तरी. परवा मुद्दाम ते तसंच उघडं ठेवून स्वयंपाकघरात गेले, पोळ्या करून अर्ध्या तासाने आले तर पंखा तसाच, आणि लॅपटॉप उचलून बघितला तर खालची बाजू मांडीवर धरवेना इतकी तापलेली. थंडरबर्ड बंद केलं की दोन मिनिटांत सगळं शांत होतं, त्यामुळे दोष त्यातच कुठेतरी आहे हे नक्की.

टास्क मॅनेजरमध्ये थंडरबर्डपुढे सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, रकान्यात २५ टक्के दिसतात. कधी २४, कधी २६, पण त्याच्या वर नाही आणि खालीही नाही. बॅटरी पूर्वी साडेतीन तास चालायची, आता दीड तासात मान टाकते. आमच्याकडे दर गुरुवारी दुपारी लाइट जाते. नेमका तोच वेळ मला शांतपणे वाचायला मिळतो, तोही गेला.

लॅपटॉप: आय-थ्री, दोन कोअर, चार थ्रेड, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, विंडोज १०. दोन खाती आहेत. कामाचं पीओपीवर (मेल लॅपटॉपवर उतरवून घ्यायची पद्धत), २०११ पासूनचं. दुसरं घरगुती, जीमेलचं, आयमॅपवर (यात मेल सर्व्हरवरच राहते). अ‍ॅड-ऑन एकही नाही.

थंडरबर्ड काढून दोनदा नव्याने टाकलं. काडीचाही फरक नाही. दुकानात दाखवलं तर ते म्हणाले, फॉरमॅट मारू, सगळं कोरं होईल. पण मला कोरं नकोच आहे. एका लेखिकेची पुस्तकं मी आठ वर्षं वाचली. एकेका वेलांटीवर त्यांनी मला पानभर लिहिलेलं आहे. २०१९ मध्ये त्या गेल्या. ती सगळी पत्रं या इनबॉक्समध्येच आहेत, सर्व्हरवर आता काही शिल्लक नाही. तेव्हा मेलला धक्का न लावता यातून मार्ग असेल तर कृपया सांगा. मला कॉम्प्युटरचं फार कळत नाही, पण सांगाल ते नीट करीन आणि जे दिसेल ते जसंच्या तसं लिहीन.

नाशिककर:

ताई, एवढा त्रास कशाला? सरळ ब्राउझरमधून मेल बघा. मी तीन वर्षांपूर्वी हे डेस्कटॉपवरचे प्रोग्रॅम सोडले.

मुद्रितशोधक:

जीमेलचं तसं करता येईल, पण कामाच्या खात्याला सर्व्हरवर जागाच जेमतेम १ जीबी आहे. मेल उतरवून घेतली की तिथली जाते. जुनं जे आहे ते याच लॅपटॉपवर.

सर्व्हरखोली:

ताई, तुमच्या लिहिण्यातच निम्मं उत्तर आहे. तुम्ही आकडे दिलेत म्हणून सांगता येतंय.

तुमच्या प्रोसेसरला चार थ्रेड, म्हणजे एका वेळी चार कामं ओढणारे चार हात. १०० भागिले ४ म्हणजे २५. कमी नाही, जास्त नाही, एका जागी ठाम २५ दिसतंय याचा अर्थ एकच काम एका थ्रेडला पूर्ण जुंपून बसलंय आणि ते संपतच नाही. रॅम कमी पडली किंवा लॅपटॉप म्हातारा झाला, तर आकडा वरखाली नाचला असता. तुमचा नाचत नाही. कुठलं तरी काम एका जागी अडकून पुन्हापुन्हा तेच करतंय.

काढून नव्याने टाकल्याने फरक का पडला नाही, तेही सांगतो. प्रोग्रॅम वेगळ्या जागी असतो आणि तुमच्या मेल, सेटिंग, सूची हे सगळं प्रोफाइल नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतं. प्रोग्रॅम काढला तरी प्रोफाइल जागचं हलत नाही. नवा प्रोग्रॅम आला आणि त्याच जुन्या प्रोफाइलवर येऊन बसला. तुमच्या बाबतीत ते बरंच झालं, नाहीतर पत्रं गेली असती.

आता सगळ्यात आधी एक काम, त्याशिवाय पुढचं वाचूसुद्धा नका. हेल्प, मग मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन. तिथे प्रोफाइल फोल्डरसमोर ओपन फोल्डर असं बटण आहे. ते दाबा, जागा बघून ठेवा, थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि तो अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. थंडरबर्ड चालू असताना कॉपी करू नका, अर्धवट फाइल जाते.

मग तीन गोष्टी बघायच्या. यात काहीच पुसायचं नाही, फक्त बघायचं.

१. शिफ्ट दाबून धरून थंडरबर्ड सुरू करा. ट्रबलशूट मोड विचारेल, त्यात जा. २५ राहतात की उतरतात?

२. नेहमीसारखं सुरू करून फाइल, ऑफलाइन, वर्क ऑफलाइन. दहा मिनिटं थांबा. तरीही २५ असतील तर सर्व्हर, इंटरनेट, जीमेल सगळे निर्दोष. काम घरातल्या घरात चाललंय.

३. टूल्समध्ये अ‍ॅक्टिव्हिटी मॅनेजर उघडा आणि तिथे कुठली ओळ आहे, तिच्यातला आकडा पुढे सरकतो का ते बघा. त्याच वेळी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समधून रिसोर्स मॉनिटर उघडा, डिस्कच्या टॅबवर जा. कुठला प्रोग्रॅम कुठल्या फाइलला हात लावतोय हे तिथे नावानिशी दिसतं.

आणि प्रोफाइलमधल्या इनबॉक्स नावाच्या फाइलचा आकार कळवा. तिला मागे कुठलं एक्स्टेन्शन नसतं, नुसतं नाव असतं. कामाच्या खात्याची, जीमेलची नव्हे.

मुद्रितशोधक:

कॉपी झाली. पावणेदोन तास लागले. उघडून खात्री केली, फाइली आहेत.

ट्रबलशूट मोडमध्येही २५. ऑफलाइन करूनही २५.

अ‍ॅक्टिव्हिटी मॅनेजर मी आयुष्यात पहिल्यांदा उघडलं. तिथे एक ओळ आहे: इनबॉक्समधल्या २३,८०६ पैकी ९,४१२ मेलचं इंडेक्सिंग चालू आहे, ३९ टक्के पूर्ण. मी समोर वही घेऊन बसले. सव्वाअकराला ९,४१२. साडेअकराला ९,४१२. पावणेबाराला ९,४१२. थंडरबर्ड बंद करून पुन्हा उघडलं, आकडा खालून भराभर चढत गेला आणि परत ९,४१२ वर येऊन थांबला. त्याच क्षणी पंखा सुरू झाला. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तोच आकडा.

रिसोर्स मॉनिटरमध्ये ग्लोबल-मेसेजेस-डीबी नावाची फाइल दिसते, पुढे एसक्यूलाइट. ती अधूनमधून येते आणि जाते. पण दुसरंच काहीतरी दिसलं ते सांगते. मी स्वतःलाच एक चाचणी मेल पाठवली. ती आली त्या सेकंदाला यादीत सगळ्यात वर इनबॉक्स ही फाइल आली आणि तिच्याशेजारी थंडरबर्डचं नाव नव्हतं, अँटिव्हायरसचं होतं. जवळजवळ दीड मिनिट तो ती फाइल वाचत होता. प्रत्येक नव्या मेलला हेच.

इनबॉक्सचा आकार ११.२ जीबी. हे जास्त आहे का?

सर्व्हरखोली:

जास्त आहे. पण आधी तुमचं कौतुक करतो. वही घेऊन आकडे टिपणारी माणसं मला ऑफिसातही मिळत नाहीत. तुमच्याकडे एक नाही, दोन दुखणी आहेत, आणि दोन्ही तुम्ही स्वतःच शोधलीत.

पहिलं, ९,४१२. थंडरबर्ड सगळ्या मेलची एक सूची बनवत असतो, वरच्या शोधपट्टीत एखादा शब्द टाकला की कुठल्याही फोल्डरमधून मेल सापडावी म्हणून. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशी. यालाच इंडेक्सिंग म्हणतात. ती त्या ग्लोबल-मेसेजेस फाइलमध्ये असते. सूची करता करता एखादं पान फाटलेलं लागलं की तो तिथेच अडतो. तुमचं फाटकं पान ९,४१२ च्या आसपास आहे.

दुसरं, अँटिव्हायरस. थंडरबर्डमध्ये एका फोल्डरच्या सगळ्या मेल एकाच फाइलमध्ये एकाखाली एक लिहिलेल्या असतात. तुमच्या २३,८०६ मेल म्हणजे एक फाइल. नवी मेल आली की ती शेवटी जोडली जाते. अँटिव्हायरसला एवढंच कळतं की फाइल बदलली, म्हणून तो ११ जीबी पहिल्या अक्षरापासून तपासतो. दिवसाला चाळीस मेल आल्या तर चाळीसदा. यात पंख्यापेक्षा मोठा धोका आहे, तो ऐका. एखाद्या जुन्या मेलमध्ये त्याला व्हायरस सापडला तर तो ती एक मेल उचलत नाही. त्याच्या लेखी ती सगळी एकच फाइल आहे. अख्खा इनबॉक्स तो कोंडून ठेवू शकतो. असं झालेलं मी पाहिलंय. म्हणून अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये अपवादांच्या यादीत प्रोफाइल फोल्डर टाका. त्याने तुम्ही उघड्या पडत नाही. अटॅचमेंट उघडताना तिची प्रत प्रोफाइलच्या बाहेर, टेंपररी फोल्डरमध्ये निघते आणि तिथे ती तपासली जातेच.

एक प्रश्न. काही महिन्यांपूर्वी फोल्डर कॉम्पॅक्ट करू का, अशी खिडकी यायची का? तुम्ही काय दाबायचात?

मुद्रितशोधक:

यायची. वर्षानुवर्षं येते आहे. मी नेहमी नंतर आठवण करा असंच दाबत आले, आणि का ते सांगते. कॉम्पॅक्ट म्हणजे दाबून लहान करणं असं मी समजत होते. प्रकाशकांकडून कधी कधी पीडीएफ लहान करून येते, त्यात रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, र्‍य आणि र्य यातला फरक दिसत नाही. अशा प्रुफात चूक सुटली तर ती माझ्या नावावर जाते. म्हणून माझ्या मेलमधल्या फाइली कुणी लहान करायला नकोत, एवढंच डोक्यात होतं.

सर्व्हरखोली:

तुमची काळजी रास्त, पण त्या शब्दाने घोटाळा केला. कॉम्पॅक्ट करताना एकाही मेलला, एकाही पीडीएफला हात लागत नाही. तुम्ही मेल डिलीट करता तेव्हा ती यादीतून दिसेनाशी होते, फाइलमधून जात नाही. प्रुफावर तुम्ही काट मारता, तरी अक्षरं कागदावर असतातच ना? तसं. कॉम्पॅक्ट म्हणजे काट मारलेला मजकूर वगळून बाकीचा स्वच्छ नव्याने लिहून काढणं. मजकूर तोच, अक्षर न् अक्षर. इतकी वर्षं तुम्ही जे जे डिलीट केलंत ते सगळं त्या ११ जीबीत पडून आहे.

आता क्रम असा ठेवा, मधलं काही गाळू नका.

अँटिव्हायरसमध्ये अपवाद टाका. मग सेटिंग्ज, जनरल, खाली इंडेक्सिंग, तिथे ग्लोबल सर्च अँड इंडेक्सरची खूण काढा आणि थंडरबर्ड बंद करून उघडा. पंखा शांत व्हायला हवा. मग इनबॉक्सवर उजवी कळ, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. यात यादी बनवणारी एमएसएफ फाइल नव्याने तयार होते, मेलची मूळ फाइल तशीच राहते. रकान्यांची मांडणी बदललेली दिसेल, घाबरू नका. मग यादी तारखेप्रमाणे लावा आणि सगळ्यात जुन्या मेल कुठल्या दिसतात ते मला सांगा. तोपर्यंत कॉम्पॅक्ट नको. कॉम्पॅक्टला फाइलच्या आकाराइतकी मोकळी जागा लागते, ती किती आहे तेही बघा.

घाटमाथा:

मध्येच लिहितो, कारण तुमचं जीमेलही त्यात आहे. जीमेलमध्ये एकच मेल इनबॉक्समध्येही दिसते आणि ऑल मेलमध्येही, लेबल लावली असतील तर तिथेही. थंडरबर्ड प्रत्येक फोल्डरची वेगळी प्रत उतरवतो. अकाउंट सेटिंग्जमध्ये सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेजला जाऊन ऑल मेलवरची खूण काढा. माझी डिस्कवरची जागा त्याने जवळजवळ निम्मी मोकळी झाली आणि सूचीचं कामही कमी झालं. हे तुमचं मूळ दुखणं नाही, पण हात फिरवताय तर हेही करून टाका.

मुद्रितशोधक:

इंडेक्सरची खूण काढली आणि टास्क मॅनेजरकडे बघत बसले. २५, २५, मग ३, मग ०. पंखा थांबल्यावर खोलीत घड्याळाचा आवाज येतो हे तीन आठवड्यांनी कळलं.

रिपेअरला वीस मिनिटं लागली. तारखेप्रमाणे लावल्यावर सगळ्यात वर तीन विचित्र ओळी आल्या. पाठवणारा कोरा, विषय कोरा, आणि तारीख १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच. तिन्हींची तीच. माझा तर जन्म १९७२ चा.

पहिली उघडली. आत मराठी नाही, इंग्रजी नाही, नुसती अक्षरं आणि आकडे एकाला एक चिकटलेले, ओळीमागून ओळी, सगळ्या सारख्या लांबीच्या. खाली गेले तरी संपेना. दुसरी आणि तिसरी तशीच. मोकळी जागा १४ जीबी आहे. या तीन काढू का? त्यात ती पत्रं असतील का, एवढीच भीती आहे.

सर्व्हरखोली:

ही तुमची फाटकी पानं. कधीतरी मेल उतरत असताना लाइट गेली असेल किंवा लॅपटॉप मध्येच बंद पडला असेल. ती अक्षरं म्हणजे बहुधा एखाद्या अटॅचमेंटचा तुटलेला तुकडा. मेलमधून फाइल जाते ती अशीच अक्षरांत रूपांतर होऊन जाते. वरचा पत्त्याचा आणि तारखेचा भाग हरवला, म्हणून कॉम्प्युटरने तारीख शून्य धरली. त्याचं शून्य १ जानेवारी १९७० ला ग्रिनिच वेळेच्या मध्यरात्री सुरू होतं, आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच.

न संपणारी इतकी अक्षरं सहसा अटॅचमेंटची असतात, पण मराठी मजकूरही कधी कधी असाच रूपांतर होऊन जातो. तेव्हा तुमच्या मनात शंका आहे तर पुसू नका. लोकल फोल्डर्समध्ये तपासणी नावाचा फोल्डर करून तिन्ही तिथे हलवा. आधी लेखिकेच्या नावाने क्विक फिल्टर लावून पत्रं मोजा, कंट्रोल, शिफ्ट आणि के. या फिल्टरला सूची लागत नाही, नाव आणि विषय तो थेट यादीतून शोधतो. तेवढीच पत्रं बाहेरच्या डिस्कवरच्या प्रतीतही असणार. मग इनबॉक्सवर उजवी कळ, कॉम्पॅक्ट. तो चालू असताना चार्जर लावलेला ठेवा, दुसरं काही करू नका.

मुद्रितशोधक:

काल रात्री सगळं केलं, आज लिहिते आहे.

पत्रं मोजली, ३१२. मला वाटलं होतं दोनशेच्या आत असतील. कॉम्पॅक्टला पस्तीस मिनिटं लागली. इनबॉक्स ११.२ वरून ५.९ जीबी. झाल्यावर पुन्हा मोजली, ३१२. शेवटचं पत्र उघडून बघितलं, त्यातली पीडीएफही. सगळं जागच्या जागी आणि अक्षर स्वच्छ.

मग वर्षांचे फोल्डर केले, २०११, २०१२ असे, लोकल फोल्डर्समध्ये, आणि पाचशे-पाचशे मेल उचलून हलवल्या. एका दमात वर्षभराच्या उचलायला गेले तेव्हा खिडकी गोठली होती, म्हणून लहान घास घेतले. इनबॉक्समध्ये आता फक्त यंदाचं काम आहे, ६०० एमबी. हलवल्यावर पुन्हा कॉम्पॅक्ट केलं. लेखिकेची ३१२ पत्रं वेगळ्या फोल्डरमध्ये त्यांच्या नावाने ठेवली.

शेवटी थंडरबर्ड बंद करून ती जुनी ग्लोबल-मेसेजेस फाइल काढून टाकली, उघडून इंडेक्सरची खूण परत लावली. रात्रभर चार्जरवर ठेवलं. साडेदहाला आकडा कुठेही न अडता पुढे सरकताना दिसला तेव्हा मी नवर्‍याला हाक मारून दाखवलं. सकाळी सहाला अ‍ॅक्टिव्हिटी मॅनेजर रिकामं होतं. आता सीपीयूच्या रकान्यात ० किंवा १. नवी मेल आली की क्षणभर ४-५ आणि परत खाली. ऑल मेलवरची खूणही काढली आहे, घाटमाथा, आभार.

सर्व्हरखोली, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. उद्या गुरुवार आहे. एका दिवाळी अंकाची ९६ पानं आली आहेत, दुपारी लाइट गेल्यावर ती वाचायला घेणार. तपासणी फोल्डरमधल्या त्या तीन ओळी आता काढल्या तर चालतील ना?

सर्व्हरखोली:

काढा. बाहेरच्या डिस्कवरची प्रत मात्र दिवाळीपर्यंत राहू द्या. अंक छापून आले की मग बघू.